प्रफुल पिंपळशेंडे यांच्या सौजन्याने

गडचांदूरमध्ये धूळ झटकण्याला अर्थ नसतो, हे तिथं राहायला आलेल्या माणसाला पहिल्या वर्षातच कळतं. सिमेंटची धूळ आंब्याच्या पानावर बसते, दोरीवरच्या साडीवर बसते, चहावरच्या सायीवर बसते. झटकली तर क्षणभर उठते आणि पाहुण्यासारखी परत त्याच जागी बसते. अशा गावात, कारखान्याच्या कॉलनीतल्या एका क्वार्टरमध्ये, प्रफुल पिंपळशेंडेनं धुळीचा कण शिरणार नाही असं एक कपाट राखलं होतं. प्रयोगशाळेनं मोडीत काढलेलं काचेचं कपाट. दारांना त्यानं रबरी पट्ट्या लावल्या होत्या, फटी सिलिकॉननं बुजवल्या होत्या. कपाट उघडायचं झालं तर तो आधी आंघोळ करायचा. देवघरासाठी त्यानं एवढं कधी केलं नाही, असं त्याची बायको जया म्हणायची. पण ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. माहिती म्हणून सांगत होती.

कपाटात मोटारी होत्या. तळहातावर मावतील एवढ्या. प्रत्येक मोटार खऱ्या मोटारीच्या त्रेचाळिसाव्या हिश्शाएवढी. "ही खेळणी नाहीत, प्रतिकृती आहेत," हे वाक्य प्रफुलनं आयुष्यात इतक्यांदा उच्चारलं होतं की पाहुणे जोडे काढतानाच ते म्हणून टाकायचे. फ्रान्समध्ये ल मां नावाच्या गावाजवळ वर्षातून एकदा चोवीस तासांची मोटारशर्यत होते. त्या शर्यतीत धावलेल्या जुन्या गाड्या, आणि त्याही एकोणीसशे एकाहत्तरपर्यंतच्याच, एवढंच त्याचं विश्व. एकाहत्तरनंतरची गाडी कुणी फुकट दिली तरी तो घेत नसे. माणसाची कुठंतरी एक हद्द असावी, असं त्याचं मत होतं.

हा नाद कोरपना तालुक्यातल्या माणसाला लागावा कसा, याचं उत्तर कारखान्यातच होतं. प्रफुल भट्टीवर होता. सिमेंटची भट्टी म्हणजे आडवा पडलेला, सावकाश फिरणारा लोखंडी बोगदा, आत दगड वितळायला लावणारी आग. ती तापलेली असताना फिरायची थांबली तर स्वतःच्याच वजनानं मधोमध वाकते. म्हणून ती थांबू द्यायची नाही. दिवाळीला नाही, लग्नाला नाही, बाप गेला तरी नाही. प्रफुलचा बाप गेला तेव्हा तो दुसऱ्या पाळीचा माणूस येईपर्यंत भट्टीसमोर बसून होता. भट्टी बसवायला आलेल्या एका परदेशी साहेबानं जाताना त्याच्या हातात एक छोटी निळी मोटार ठेवली. अंगावर नारिंगी पट्टा, दारावर सहा नंबर. साहेब म्हणाला, ही एकोणीसशे एकोणसत्तरला सगळ्यांच्या शेवटी सुटली आणि चोवीस तासांनी पहिली आली, तेही शंभरेक मीटरनं. आदल्या वर्षीही हीच जिंकली होती. ही शर्यत सगळ्यात जोरात पळणाऱ्याची नव्हे, सकाळी चालू असणाऱ्याची.

प्रफुलला हे लगेच समजलं. क्रिकेट त्याला कधी एवढं समजलं नव्हतं.

आता तो निवृत्त झाला होता. पोळा झाला की क्वार्टर सोडायचं होतं. राहायला गावी जागा होती. गाड्यांना नव्हती. त्याला एकच हवं होतं: दार बंद होणारी, धूळ न येणारी एक खोली, जिथं कपाट उभं राहील आणि जिथं कुणीतरी कधीतरी येऊन त्या गाड्यांकडे नीट पाहील. तीस वर्षांत त्या पाहणाऱ्यांची संख्या तशी बरी होती. नीट पाहणारा माणूस म्हणजे तो परदेशी साहेब, आणि तो एकच गाडी पाहून गेला होता.

पहिली चौकशी मोठ्या भावाकडे झाली. दादाजी मूळ गावातल्या घरी राहायचा. घर मोठं होतं.

"ठेव ना बापा, घर काय माह्या एकट्याचं हाय का," दादाजी म्हणाला. "दिवाळीपर्यंत ठेव. मंग कापूस येते घरात."

"कापूस दुसऱ्या खोलीत नाई ठेवता येत?"

"दुसऱ्या खोलीत बी कापूसच येते."

तरीही प्रफुल चाचणी म्हणून एक गाडी तिथं ठेवून आला. लाल-पांढरी, तेवीस नंबरची, एकोणीसशे सत्तरची विजेती. त्या वर्षी शर्यतभर पाऊस होता आणि शेवटपर्यंत मोजक्याच गाड्या टिकल्या. ही प्रतिकृती शर्यत संपल्यावर गाडी जशी दिसत होती तशी होती. चाकांमागे चिखलाचे शिंतोडे, काचेवर तेलाचे ओघळ, नाकावर मेलेले किडे, सगळं कुणीतरी परदेशात भिंग लावून बारीक कुंचल्यानं रंगवलेलं. ज्या गावात धूळ फुकट मिळते त्या गावात बसून प्रफुलनं ती बाहेरून मागवली होती. आठवड्यानं तो गेला तर गाडी आरशासारखी चमकत होती.

"लय मयली झाली होती भाऊजी," वहिनी म्हणाली. "भांड्याच्या साबणानं घासली तवा कुठी निंगाली."

प्रफुलनं गाडी खिशात घातली, जेवला आणि परत आला. वहिनीनं वांग्याची भाजी खास त्याच्यासाठी केली होती. ती नाकारून चिखल परत आला नसता.

दुसरी चौकशी लेकीकडे. आचल हैदराबादला नोकरीला होती. फोनवर तिनं सगळं ऐकून घेतलं. "बाबा, सगळ्यांचे चांगले फोटो काढून ठेवा ना. मग जागेचा प्रश्नच नाही." प्रफुल हो म्हणाला. लेक हुशार निघाली याचा त्याला नेहमीच अभिमान होता.

तिसरा दरवाजा आपण होऊन उघडला. गडचांदूरमध्ये सूरजभाऊ उरकुडे नावाचे एक गृहस्थ होते. ते नगरसेवक नव्हते, पण पुढं होणार होते, आणि मधल्या काळात सराव म्हणून नगरसेवकासारखे वागत. ते एका संध्याकाळी क्वार्टरवर आले, कपाटासमोर उभे राहिले.

"पिंपळशेंडे साहेब, हे त गावाचं वैभव हाय."

तीस वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. प्रफुलनं त्यांना खुर्ची दिली, मग उठवून दुसरी, जास्त चांगली खुर्ची दिली.

"वाचनालयाची वरची खोली रिकामी हाय," सूरजभाऊ म्हणाले. "पुस्तकं खालच्याच खोलीत मावतात. खरं म्हणजे खालची बी अर्धी रिकामीच हाय. वर तुमचं दालन करू. 'पिंपळशेंडे दालन.' काच लावू, दार लावू, कुलूप लावू."

"धूळ?" प्रफुलनं विचारलं.

"धुळीले मी सांगतो," सूरजभाऊ म्हणाले, आणि क्षणभर प्रफुलला वाटलं की हा माणूस खरंच सांगू शकेल.

एकच अट होती. आधी गावाला कळलं पाहिजे की दालन कशाचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा भरतो, आणि बाजार चौकात सूरजभाऊंची लाकडी बैल सजवण्याची स्पर्धा असते. अख्खं गाव तिथं येतं. स्टेजच्या बाजूला टेबल टाकून गाड्या मांडायच्या. लोक पाहतील. मग दालनाची घोषणा स्टेजवरूनच. शिवाय प्रफुलनं बैलांचा परीक्षक व्हायचं.

"मले बैलातलं काय कळते?"

"तुम्हाले खेळण्यातलं कळते ना जी."

प्रफुलनं ते प्रतिकृतींचं नेहमीचं वाक्य तोंडात आणलं आणि गिळलं. दालनासाठी माणूस एवढं गिळू शकतो.

सूरजभाऊ गेल्यावर जया म्हणाली, "उघड्यावर नेता? इथी त तुम्ही मले श्वास रोखून पाहाले लावता."

"एका दिवसाचा प्रश्न आहे."

"तुमची शर्यत बी एकच दिवसाची असते ना," जया म्हणाली. "त्यात किती गाड्या घरी येतात मंग?"

आकडे प्रफुलला पाठ होते, पण ते तिच्या बाजूचे होते.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दुपारी ऊन पडलं होतं. प्रत्येक गाडी टिश्यू कागदात गुंडाळून, खोक्यात भरून, ऑटोनं आणली. ऑटोवाल्याला हळू चालव म्हटलं तर तो एवढा हळू चालवू लागला की मागून बैल पुढं गेले. टेबलावर लाल कापड अंथरलेलं होतं. प्रफुलनं गाड्या वर्षाप्रमाणं मांडल्या. शेपटीवर माशासारखा पर असलेली हिरवी पहिल्या रांगेत, भांड्याच्या साबणानं निर्मळ झालेली लाल-पांढरी मागे, आणि निळी, सहा नंबरची, मधोमध. शेवटी एकाहत्तरची गुलाबी. तिच्या अंगावर खाटकानं डुकराचे भाग आखावेत तशा तुटक रेषा होत्या आणि प्रत्येक भागाचं नाव जर्मनमध्ये लिहिलेलं होतं. ती शर्यत पूर्ण करू शकली नव्हती. तिला तो का जपतो, हे प्रफुलनं कुणाला सांगितलेलं नव्हतं, कारण कुणी विचारलेलं नव्हतं.

टेबलावर सूरजभाऊंनी फ्लेक्स लावला होता. एका बाजूला सूरजभाऊ हात जोडून, दुसऱ्या बाजूला लाकडी बैल, दोघेही सारख्याच आकाराचे. खाली ठळक अक्षरात: 'श्री. प्रफुल पिंपळशेंडे यांच्या सौजन्याने.'

प्रफुलनं ते दोनदा वाचलं. आपलं नाव एवढं मोठं त्यानं लग्नपत्रिकेवरही पाहिलं नव्हतं.

चौक भरत गेला. लेकरं आपापले बैल ओढत आली. सागवानी बैल, चार चाकांच्या पाटावर उभे, शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात झेंडू. काही बैल तळहाताएवढे, काही इतके मोठे की लेकरू दोरी धरून मिरवायला आणि बाप मागून ढकलायला. या भागात तान्ह्या पोळ्याला बैल ज्याच्या दारी जाईल त्या घरचे त्याला ओवाळतात आणि लेकराच्या हातावर काहीतरी ठेवतात. नाणं, करंजी, पेन्सिल, ज्याला जे जमेल ते. त्याला बोजारा म्हणतात. हातात पडलेला बोजारा परत मागत नाहीत. मागितला तर काय होतं हे कुणी पाहिलेलं नाही, कारण आजवर कुणी मागितलेलाच नाही.

स्पर्धेत भाग घेणाऱ्या प्रत्येक लेकराला बोजारा म्हणून कंपासपेटी द्यायचं सूरजभाऊंनी ठरवलं होतं. माईक इसरूकडे होता. इसरू सूरजभाऊंचा कार्यकर्ता, मंडपाचा धंदा करायचा आणि आवाज फुकट द्यायचा.

"परीक्षकांनी मैदानात यावं," इसरू म्हणाला.

दुसरे परीक्षक जनावरांचे डॉक्टर होते. त्यांना का बोलावलं, हे त्यांनाही समजलं नव्हतं. "याचे दात पाहू का?" त्यांनी पहिल्याच लाकडी बैलासमोर वाकून विचारलं. प्रफुल हसला. टेबलापाशी जया बसलेली होती, म्हणून तो हसू शकला.

मग सूरजभाऊंच्या बायकोनं जयाला बैलांना ओवाळायला बोलावलं. नाही कसं म्हणायचं? जया ताट घेऊन गेली.

प्रफुल मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला होता. एका बैलाच्या डोळ्यांत कुणीतरी खऱ्या काचेचे मणी बसवले होते, ते तो वाकून पाहत होता. वर पाहिलं तर टेबलासमोर रांग लागलेली. लांबलचक रांग, चौकाच्या कोपऱ्यापर्यंत. लेकरं, त्यांच्या मागे आया, बापे, म्हातारे. सगळे टाचा उंचावून टेबलाकडे पाहत होते.

"तुमच्या गाड्यांपुढं गर्दी हाय साहेब," डॉक्टर म्हणाले.

प्रफुल उभाच राहिला. तीस वर्षं एकटा माणूस काचेपुढं उभा होता, आणि आता अख्खं गडचांदूर त्याच काचेपुढं आलं होतं, फक्त काच नव्हती. वाचनालयाची खोली त्याला दिसली, तिच्या दाराला कुलूप दिसलं, आणि त्या कुलपाशी किल्लीची वाट बघत उभे राहिलेले लोक दिसले. त्यानं चष्मा काढून पुसला. तो परत लावला तेव्हा रांगेच्या दुसऱ्या बाजूनं पहिलं लेकरू बाहेर येत होतं. एका हातात बैलाची दोरी, दुसऱ्या हातात शेपटीवर पर असलेली हिरवी गाडी.

कंपासपेट्या अर्ध्यातच संपल्या होत्या. लेकरं दुपटीनं आली होती. इसरूनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि लाल कापडाच्या टेबलावरचा फ्लेक्स वाचला. पोळ्याच्या दिवशी, स्टेजच्या शेजारी, लेकरांच्या रांगेसमोर, कुणाच्या तरी सौजन्यानं मांडलेल्या छोट्या छोट्या मोटारी. याचा दुसरा काही अर्थ लावणारा माणूस या जिल्ह्यात जन्मलेला नाही. इसरूची चूक काढायची तर आधी पोळ्याची काढावी लागली असती.

"पिंपळशेंडे साहेब रिटायर होऊन राह्यले," माईकवरून आवाज येत होता. "अन् जाता जाता त्याईनं आपला जलमभराचा खजिना आपल्या लेकराइले देऊन टाकला. टाळ्या वाजवा ना बापा. हात दुखतात का?"

टाळ्या झाल्या. खऱ्या टाळ्या, निवडणुकीच्या नव्हेत.

प्रफुल चालू लागला. पळायला हवं होतं. पण मैदानात शंभर लाकडी बैल आणि त्यांच्या दोऱ्या होत्या. वाटेत प्रत्येक जण त्याचा हात धरत होता. "लय मोठं मन हाय तुमचं जी." "अशे माणसं राह्यले कुठी आता." स्टेजपाशी पोचला तर सूरजभाऊंनी त्याला हाताला धरून वर ओढलं आणि खांद्यावर शाल टाकली. भाद्रपदातल्या उन्हात ती शाल फार गरम होती. हातात नारळ आला. दोन्ही हात नारळात अडकले आणि तिथून त्यानं टेबल पाहिलं. लाल कापडाचा बराचसा भाग आता मोकळा होता.

"भाऊ," तो सूरजभाऊंच्या कानाशी म्हणाला, "त्या दालनासाठी आहेत."

सूरजभाऊंनी टेबलाकडे पाहिलं, इसरूकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं. त्यांना सगळं समजलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. मग त्यांनी परत रांगेकडे पाहिलं. रांगेत आईबाप होते आणि आईबापांना मत होतं.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "आता लेकराच्या हातून ओढू का मी?"

आणि त्यांनी माईक प्रफुलच्या तोंडापुढं धरला. "दोन शब्द."

चौक शांत झाला. लेकरं वर पाहत होती. निळी गाडी एका मुलीच्या मुठीत होती, मुलीच्या फ्रॉकला झेंडू टाचलेला होता. प्रफुलनं तोंड उघडलं. त्याला म्हणायचं होतं: परत द्या. दोनच शब्द होते, मागितलेही तेवढेच होते. त्याच्या वडिलांनी त्याला पहिला बैल करून दिला तेव्हा याच तालुक्यात, असाच दारोदार नेऊन, बोजारा कसा घ्यायचा हे शिकवलं होतं. परत कसा मागायचा हे कुणी शिकवलं नव्हतं.

"ह्या," तो म्हणाला, "ह्या चालवायच्या नसतात."

"म्हंजे सांभाळून चालवा, असं म्हणून राह्यले साहेब," इसरूनं खुलासा केला.

परत टाळ्या. मग लेकरं एकेक करून स्टेजवर आली आणि गाडी हातात धरून त्याच्या पाया पडली. प्रफुलनं प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवला. हात ठेवताना तो गाडीचं वर्ष मनात म्हणत होता. छप्पन्न. एकसष्ट. सहासष्ट. लेकरांना वाटलं, साहेब मंत्र म्हणतात.

दालनाची घोषणा झाली नाही. घोषणा कशाची करणार? उतरताना सूरजभाऊ म्हणाले, "खोली हायेच जी. पुढं काई जमलं त सांगा." बक्षीस काचेच्या डोळ्यांच्या बैलाला मिळालं. निकालाच्या कागदावर प्रफुलनं सही केली.

क्वार्टरमध्ये कपाट उभं होतं. आत काहीच नसल्यामुळं ते फारच स्वच्छ दिसत होतं. प्रफुलनं शाल घडी करून खुर्चीवर ठेवली, नारळ देवापुढं ठेवला आणि आंघोळ करून आला, कपाट उघडण्याआधी करायचा तशी. मग कपाट न उघडताच बसला.

जयानं टेबल सोडलं होतं, हे दोघांनाही माहीत होतं.

"आता क्वार्टर सोडाले सोपं झालं," ती म्हणाली, आणि बोलून झाल्यावर तिलाच ते सहन झालं नाही. "जा ना जी. मागून आणा. लेकरं लहान हायेत, देतील. संध्याकाळी थे घरोघर फिरतात, सगळे बाहीरच भेटतील. मी येऊ का संगं?"

"नको."

"काय म्हणाल?"

"चूक झाली म्हणीन."

"कोणाची?" जयानं विचारलं. याचं उत्तर शोधतच तो बाहेर पडला.

संध्याकाळ होत होती. गल्लीगल्लीतून लाकडी बैलांची चाकं खडखडत होती. पहिल्याच घरी नशीब उघडलं. ओट्यावर बसलेल्या बाईनं त्याला ओळखलं आणि काही विचारायच्या आत आतून गुलाबी गाडी आणून दिली.

"घ्या जी, हे नाई चालत. चाकंच फिरत नाई हिचे. पोट्ट्यानं ओढून पाह्यलं त दोन निंगून आले." तिनं ती दोन चाकंही त्याच्या हातात दिली. "अन् डुकरासारखी काऊन हाय हो हे? सासू म्हणते, पोळ्याच्या दिवशी घरात नको."

प्रफुलनं आभार मानले. चाकं खिशात टाकली. शर्यतीतही ही गाडी अर्ध्यातच बाहेर पडली होती. निदान एका बाबतीत तरी प्रतिकृती तंतोतंत निघाली.

दुसऱ्या घरी कारखान्यात कंत्राटावर काम करणारा पवन मडावी राहत होता. दारात त्याची म्हातारी आई होती, आत देव्हाऱ्याशेजारी लाकडी बैल, आणि बैलाच्या पायाशी, तांदळाच्या ढिगावर, साबणानं धुतलेली लाल-पांढरी गाडी. तिला हळद लावली होती. समोर दिवा होता.

"साहेब, या ना. लेकरू म्हणते, मी बी भट्टीवर जाईन," पवन म्हणाला. "तुमचंच नाव घेऊन राह्यलो होतो आता. चहा घेता?"

प्रफुलनं चहा घेतला. चांगला झाला होता. जाताना पवन म्हणाला, "काई काम होतं का?"

"नाही. असंच. पोळा होता."

तिसऱ्या घरी कुणी नव्हतं. चौथ्या घरी गाडीचं आता झाकणच उरलं होतं, ते पाण्याच्या टाकीत होडी म्हणून तरंगत होतं, त्यामुळं तिथं काही मागण्यासारखं नव्हतं. पाचव्या घरासमोर तो थांबलाच नाही. दारातून हसण्याचा आवाज येत होता.

गल्ली संपली तिथं तलावाकाठची वस्ती सुरू झाली. ढिवरांची घरं, दोरीवर वाळत घातलेली जाळी. पहिल्या घराच्या अंगणात ती फ्रॉकला झेंडू टाचलेली मुलगी होती. ती बैल ओढत होती आणि बैलाच्या मागे, सुतळीनं बांधलेली, निळी गाडी येत होती. नारिंगी पट्टा चिखलानं झाकला होता. पण ही जुन्या घडणीची, तिची चाकं फिरायची. ती खड्ड्यात उलटी व्हायची, फरफटत जायची, कशी कोण जाणे पुन्हा सरळ व्हायची आणि चालायची. शेवटून सुटून पहिली आलेली गाडी. या वेळी पुढं एक बैल होता आणि तो काही थांबत नव्हता.

प्रफुल फाटकात उभा राहिला. एवढी एक मागू, असं त्यानं ठरवलं. बाकीच्या जाऊ द्या. ही एक कुठंही राहील. उशाशी राहील, खिशात राहील, हिला दालन नको. त्यानं हात पुढं केला.

घरातून मुलीची आजी, इंदिराबाई, ताट घेऊन बाहेर आली. ताटात निरांजन, कुंकू, तांदूळ. संध्याकाळभर दारात येणाऱ्यांना ओवाळून ती थकली होती आणि तिला लांबचं दिसत नव्हतं. दारात कुणीतरी हात पुढं करून उभं आहे, एवढं दिसलं.

"आज मोठे बी फिरून राह्यले वाटते," ती म्हणाली. "बैल कुठी हाय तुमचा?"

प्रफुलच्या दुसऱ्या हातात गुलाबी गाडी होती. त्यानं काही म्हणायच्या आत इंदिराबाईंनी वाकून तिच्याकडं पाहिलं.

"हा हाय का? बरा हाय. लंगडा हाय थोडा." आणि तिनं गाडीच्या नाकावर, जर्मन अक्षरांच्या मधोमध, कुंकवाचं बोट ओढलं, वर तांदळाचे चार दाणे टाकले, निरांजन गोल फिरवलं. मग ताटातलं एक नाणं उचलून त्याच्या पुढं केलेल्या तळव्यावर ठेवलं आणि त्याची बोटं स्वतःच्या हातानं मिटली, लेकराची मिटतात तशी.

अंगणात मुलगी वळली. निळी गाडी तिच्यामागून वळली.

प्रफुलनं मूठ मिटलेली ठेवली. हातात पडलेला बोजारा परत देत नाहीत, हे त्याला माहीत होतं. ज्या दारी तो घेतला तिथं परत काही मागतही नाहीत.

"पुढं ललिताच्या घरी जा जी," इंदिराबाई म्हणाली. "थे करंजी देते."

प्रफुल गेला. गाडी दोन्ही हातांत, कुंकू पुसलं जाऊ नये अशी धरून.